सामान्य माणसाचे चित्रकार

मध्य रेल्वेचा मार्ग मुंबईत जेथे संपतो तेथे एक भव्य स्थानक उभे आहे. पूर्वी त्यास व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत. आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखले जाते. याच परिसरातील बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्या रुळांच्या आधाराने ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही गावे वाढत गेली. स्वातंत्र्यानंतर तर तेथील हजारो कारकून, शिक्षक आणि कारागीर रोज सकाळी लोकल गाडीने मुंबईस कामाला जाऊ लागले. गाडीत बसावयास जागा मिळणे दुर्मिळ. एका हाताने वरची कडी धरावयाची आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची चौपदरी घडी धरून ते वाचावयाचे, ही कला प्रत्येक चाकरमान्यास साधलेली असे.

अशा वाचकाची दृष्टी पुष्कळदा मोठमोठ्या मथळ्यांकडे न जाता आधी पहिल्या पानावरील एका लहानशा चौकटीकडे जाई. त्या चौकटीत एक चित्र असे आणि चित्राखाली एखाददुसरी ओळ. चित्रात कोणी मंत्री भाषण करीत असे, कोणी अधिकारी कागदांच्या ढिगाआड बसलेला असे, रस्त्यात खड्डा पडलेला असे किंवा नळ कोरडा असे. आणि या सर्वांच्या जवळपास, जरा मागे, एक म्हातारा मुकाट्याने उभा असे. डोक्यास टक्कल, कानांमागे पांढऱ्या केसांचे चार झुबके, गोल चष्मा, झुबकेदार मिशा, अंगात चौकड्यांचा कोट आणि खाली धोतर. तो कधी एक शब्दही बोलत नसे. पण त्यास पाहिले की गाडीतल्या माणसास वाटे, हा तर माझ्याच डब्यातून आलेला आहे!

गाडी शेवटच्या स्थानकात थांबे, माणसांचा लोंढा बाहेर पडे आणि रस्ता ओलांडून आपापल्या कचेऱ्यांकडे वळे. त्या रस्त्याच्या पलीकडे, स्थानकाच्या अगदी समोर, ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या दैनिकाची जुनी इमारत आहे. त्या इमारतीतील एका खोलीत त्याच वेळी एक गृहस्थ उद्याच्या चौकटीचा विचार करीत बसलेले असत. त्यांचे नाव आर. के. लक्ष्मण.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजी म्हैसूर येथे झाला. त्यांचे संपूर्ण नाव रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांची शिस्त कडक होती. आठ भावंडांत लक्ष्मण सर्वांत धाकटा. सहा भाऊ आणि दोन बहिणी अशा त्या भरल्या घरात थोरल्या भावांपैकी एक नारायण. हेच पुढे आर. के. नारायण या नावाने कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. धाकट्या भावाच्या खोड्या त्यांनी आपल्या कथांत उतरविल्या आहेत. लक्ष्मण हा आळीतील मुलांच्या क्रिकेट संघाचा कप्तान होता आणि त्या संघाने ‘रफ अँड टफ अँड जॉली’ असे भारदस्त नाव धारण केले होते.

घरात इंग्रजी मासिके येत. ‘पंच’, ‘स्ट्रँड’ यांसारख्या त्या मासिकांत पुष्कळ चित्रे असत. लक्ष्मणास अक्षरओळख होण्यापूर्वीच चित्रांची ओळख झाली. तासन्‌तास तो ती पाने उलगडून बसे आणि मग हाती खडू किंवा कोळसा आला की घरातील जमीन, भिंती, दारे यांपैकी काहीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. शाळेत वहीच्या कडेला शिक्षकांच्या छब्या उमटत. एकदा वर्गात पिंपळाचे पान काढावयास सांगितले असता शिक्षकांनी त्याच्या पानाची वाखाणणी केली. एवढीशी गोष्ट, परंतु आपण चित्रकार होणार ही खूणगाठ त्या मुलाने त्याच दिवशी मनाशी बांधली.

चित्र काढण्यापूर्वी पाहावे लागते, हे त्यास कोणी शिकविले नाही. ते त्याच्या स्वभावातच होते. खिडकीशी बसून तो बाहेर पाहत राही. वाळलेल्या काटक्या, गळालेली पाने, सरपटणारे किडे, लाकडे फोडणारे गडी, यांतील काहीही त्यास क्षुद्र वाटत नसे. त्यात त्याचे सर्वांत आवडते पाखरू म्हणजे कावळा! मोराचे कौतुक सारे जग करते. लक्ष्मणाने कावळ्याचे केले. हिरव्या झाडावर किंवा निळ्या आकाशात काळा कावळा कसा उठून दिसतो, मान वाकडी करून तो कसा पाहतो, भाकरीचा तुकडा पळविण्यापूर्वी कसा साळसूदपणे इकडेतिकडे हिंडतो, हे सर्व त्याने टिपून ठेवले. पुढे म्हातारपणापर्यंत ते कावळे काढीत राहिले आणि त्यांच्या कावळ्यांच्या चित्रांसही रसिकांनी मोठी दाद दिली.

त्या काळी मद्रासच्या ‘हिंदू’ या वर्तमानपत्रात डेव्हिड लो या विख्यात व्यंगचित्रकाराची चित्रे येत. लो हे लंडनमध्ये राहून काम करीत आणि भल्याभल्या सत्ताधीशांस आपल्या रेषांनी नामोहरम करीत. लहानग्या लक्ष्मणास त्यातील राजकारण समजत नव्हते, पण रेषा समजत होती. चित्राखालील इंग्रजी सही मात्र तो चुकीची वाचीत असे. लो या नावाऐवजी त्यास तेथे गाय या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसे आणि कितीतरी दिवस आपल्या आवडत्या चित्रकाराचे नाव गाय आहे अशीच त्याची समजूत होती. पुढे लो मुंबईस आले असता या दोघांची भेट झाली, तेव्हा लक्ष्मण स्वतःच नामांकित झाले होते.

लक्ष्मण शाळेत असतानाच वडिलांस पक्षाघाताचा झटका आला आणि सुमारे वर्षभरात त्यांचे निधन झाले. थोरल्या भावांनी संसाराचा भार उचलला आणि धाकट्याचे शिक्षण खंडित होऊ दिले नाही. शालान्त शिक्षण संपताच लक्ष्मण यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे प्रवेशासाठी अर्ज पाठविला आणि सोबत आपली काही चित्रे जोडली. १८५७ साली स्थापन झालेली ही संस्था म्हणजे चित्रकलेचे माहेरघर. तेथे शिकावयास मिळावे ही त्यांची मोठी आकांक्षा होती. काही दिवसांनी उत्तर आले. संस्थेत विद्यार्थी म्हणून घेण्यास जी गुणवत्ता लागते ती या चित्रांत आढळत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

ज्या मुलाने घराच्या भिंतीही कोऱ्या ठेवल्या नव्हत्या त्यास असे पत्र वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. लक्ष्मण यांनी म्हैसूर येथेच महाविद्यालयात नाव घातले आणि यथाकाल बी. ए. ची पदवी मिळविली. पण कुंचला खाली ठेवला नाही. शिकत असतानाच ते नारायण यांच्या ‘हिंदू’मध्ये येणाऱ्या कथांसाठी चित्रे काढीत. स्थानिक वृत्तपत्रांस राजकीय व्यंगचित्रे देत. ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकातही त्यांची चित्रे झळकत. एका उन्हाळ्यात त्यांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत उमेदवारी केली. कलाशाळेत जे शिक्षण मिळाले नाही ते त्यांनी असे चारी वाटांनी गोळा केले. एक गोष्ट येथेच सांगून टाकावी. ज्या संस्थेने त्यांना दार बंद केले तिच्यापासून चालत थोड्याच अंतरावर असलेल्या इमारतीत त्यांनी पुढे अर्धशतक काम केले आणि त्याच संस्थेने नंतर त्यांना समारंभास सन्मानाने पाचारण केले.

पदवी मिळाल्यावर नोकरीसाठी ते दिल्लीस गेले. तेथील एका मोठ्या दैनिकात त्यांचे वय पाहून त्यांना परत पाठविण्यात आले. आधी लहान वृत्तपत्रांत अनुभव घ्यावा असा सल्ला मिळाला. तेव्हा ते मुंबईस आले. ‘फ्री प्रेस जर्नल’ या दैनिकात त्यांना राजकीय व्यंगचित्रकार म्हणून पहिली पूर्ण वेळेची नोकरी लाभली. पुढे राजकारणात प्रसिद्धीस आलेले बाळ ठाकरे हेही तेथेच व्यंगचित्रे काढीत. दोघे सहकारी होते. मात्र अमुक विषयावर चित्र काढू नये, असा निर्बंध पुढे येताच लक्ष्मण यांनी ती नोकरी सोडली आणि थोड्याच काळात ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दाखल झाले. नव्या शहरात, नव्या माणसाने, हातची नोकरी अशी सोडावी हे व्यवहाराला धरून नव्हते. पण ज्याच्या हाती कुंचला आहे त्यास कोणी विषय ठरवून देऊ लागला की चित्र मरते, हे त्यांनी ओळखले होते.

व्यंगचित्र ही कला वरवर पाहता सोपी वाटते. चार रेषा ओढल्या, नाक लांब केले, पोट सुटलेले दाखविले, की झाले व्यंगचित्र असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक एखाद्याच्या चेहऱ्यातील नेमके वैशिष्ट्य हेरून ते वाढवून दाखविणे, ज्यास अर्कचित्र म्हणतात, ती केवळ पहिली पायरी होय. लक्ष्मण त्यात पारंगत होतेच. त्यांनी काढलेले इंदिरा गांधींचे लांब नाक तर घरोघरी परिचयाचे झाले होते. पण त्यापुढे जाऊन, एखाद्या घटनेतील विसंगती एकाच दृश्यात पकडावयाची आणि ती पाहणाऱ्याच्या लक्षात क्षणार्धात यावी अशी मांडावयाची, हे खरे अवघड काम. पुढारी पूरग्रस्तांची पाहणी करावयास विमानाने जातो आणि खाली छपरावर बसलेला माणूस मान वर करून पाहतो. यात कोठेही अपशब्द नाही, तरी सांगावयाचे ते सांगून होते.

चित्रकथेत एका बातमीसाठी चारपाच चौकटी वापरता येतात. पहिल्या चौकटीत प्रसंग सुरू होतो, शेवटच्या चौकटीत हशा पिकतो. लक्ष्मण यांना रोज एकच चौकट मिळे. १९५१ साली ‘यू सेड इट’ या नावाने ही चौकट सुरू झाली. मराठी वाचकांस ती पुढे ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये ‘कसं बोललात’ या नावाने भेटू लागली. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीच्या ज्या घरांत इंग्रजी वर्तमानपत्र येत नसे त्या घरांतही चौकड्यांच्या कोटाचा म्हातारा जाऊन पोहोचला. एका दिवसाची चौकट एकच. पण पन्नास वर्षांच्या चौकटी एकापुढे एक मांडल्या तर स्वतंत्र भारताची एक अखंड चित्रकथाच तयार होईल, आणि तिचा नायक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच.

हा नायक लक्ष्मण यांनी मुद्दाम ठरवून निर्माण केला नाही, हे विशेष. भारत हा अठरापगड लोकांचा देश. सर्व देशाचे प्रतिनिधित्व चित्रात कसे दाखवावे? आरंभी ते बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी असे निरनिराळ्या वेषांतील अनेक लोक गर्दीने उभे करीत. परंतु छापखाना थांबत नाही. ठराविक वेळेस चित्र द्यावेच लागे आणि एवढी माणसे रेखाटावयास वेळ पुरत नसे. म्हणून गर्दीतील एकेक माणूस गळू लागला. आज पंजाबी गेला, उद्या बंगाली गेला. असे होता होता शेवटी एकटा एकच उरला. त्याचे धोतर, त्याचा कोट आणि त्याची मिशी पाहून तो नेमका कोणत्या प्रांताचा हे सांगता येत नाही. म्हणूनच तो सर्वांचा झाला. लोकांनी त्यास सामान्य माणूस म्हटले आणि तेच त्याचे नाव पडले. वेळेच्या ओढाताणीतून अशी अमर व्यक्तिरेखा जन्मास यावी, ही कलेच्या इतिहासातील गमतीची गोष्ट आहे.

सामान्य माणूस सर्वत्र जाई. मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो कोपऱ्यात उभा असे. विमानतळावर पाहुण्यांच्या स्वागतास हजर असे. शिधावाटप दुकानाच्या रांगेत असे, तुंबलेल्या पाण्यात असे, निवडणुकीच्या सभेत असे. त्यास कोणी बोलावलेले नसे आणि कोणी हाकलूनही देत नसे, कारण तो तेथे आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नसे. लोकल गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाची स्थिती याहून वेगळी ती काय होती! त्याच्यासाठी योजना आखल्या जात, त्याच्या नावाने भाषणे होत. त्यास मात्र कोणी विचारीत नसे. लक्ष्मण यांनी त्याच्या तोंडी एकही वाक्य घातले नाही, ते यासाठीच. बोलणारे पुष्कळ होते. पाहणारा हवा होता. चष्म्याआडचे त्याचे विस्फारलेले डोळे आणि किंचित उंचावलेल्या भिवया एवढ्यावर सारे भागे.

त्याची पत्नी मात्र अबोल नव्हती. घरातील चित्रांत ती दिसे तेव्हा भाववाढीपासून शेजाऱ्यांच्या तऱ्हेपर्यंत सर्व विषयांवर ती आपले मत ठणकावून सांगे. आज मागे वळून पाहता एखाद्यास असेही वाटेल, की हा म्हातारा म्हणजे साराच देश नव्हे. शेतमजूर, गिरणी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचे जिणे त्याच्याहून कितीतरी खडतर होते. हे म्हणणे खोटे नाही. पण लक्ष्मण यांची दृष्टी त्यांच्यावरून कधी घसरली नाही. पदपथावर झोपणारी कुटुंबे, पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बाया आणि फाटक्या कपड्यांतील मुले त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. आणि म्हातारा त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतो, तीत टिंगलीचा अंशही नसतो.

एका चित्राची आठवण पुष्कळ जण काढतात. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या काळातील ते चित्र आहे. शास्त्रज्ञांना चंद्रावर पाठविण्यास योग्य असा मनुष्य हवा असतो आणि तो त्यांना सापडतो. अन्न, पाणी, उजेड, निवारा यांपैकी काहीही नसताना जगण्याची ज्याला सवय आहे असा हा मनुष्य म्हणजे आपला सामान्य माणूस! चित्र पाहताच हसू येते आणि मग ते हसू ओठांवरच थबकते. लक्ष्मण यांच्या विनोदाची जात ही अशी होती.

या चौकटीमागील परिश्रम वाचकास दिसत नसत. लक्ष्मण रोज सकाळी कचेरीत येत, निरनिराळी वर्तमानपत्रे बारकाईने वाचीत आणि मग विचार करीत बसत. चित्र काढावयास फारसा वेळ लागत नसे. कल्पना सुचावयास मात्र तासन्‌तास लागत. कधी कधी दुपार उलटून जाई तरी कागद कोराच. त्या वेळी जी तगमग होई तिचे वर्णन त्यांनी स्वतः केले आहे. इतकी वर्षे काम करूनही ही तगमग कमी झाली नाही. कल्पना एकदा हाती आली, की पेन्सिलीने आखणी आणि मग काळ्या शाईत बुडविलेल्या कुंचल्याचे जाड-बारीक फटकारे. खुर्ची, दिव्याचा खांब, बैलगाडी, सरकारी कचेरीतील पंखा, या प्रत्येक वस्तूचे रेखाटन इतके अचूक असे की त्या काळचे मुंबई शहर कसे होते हे त्या चित्रांवरून आज समजून घेता येते. लहानपणी खिडकीशी बसून केलेले निरीक्षण येथे कामी आले.

सत्तेवर असलेल्यांची थट्टा करणाऱ्याला सत्तेचा राग सोसावा लागतो. लक्ष्मण यांना दोन्ही प्रकारचे अनुभव आले. १९६२ साली चीनशी युद्ध झाले. त्यानंतर लक्ष्मण यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यावर एक बोचरे व्यंगचित्र काढले. काही वेळाने दूरध्वनी वाजला. पलीकडे स्वतः पंतप्रधान होते. लक्ष्मण यांना वाटले, आता कानउघाडणी होणार. परंतु नेहरूंनी चित्र आवडल्याचे सांगितले आणि सही केलेली त्याची मोठी प्रत मागितली. स्वतःवरील चित्र भिंतीवर लावावयास मागणारा पंतप्रधान आणि त्याचे चित्र काढावयास न कचरणारा चित्रकार, या दोघांमुळे लोकशाहीस शोभा येते.

पुढे वेगळे दिवस आले. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारण्यात आली. वृत्तपत्रांवर नियंत्रणे बसली. काय छापावे आणि काय छापू नये हे सरकारी अधिकारी ठरवू लागले. ज्या चौकटीचे सारे बळ मोकळेपणात होते, तिच्यापुढे संकट उभे राहिले. लक्ष्मण दिल्लीस गेले आणि त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेतली. काम पूर्ववत चालू ठेवावे, असे आश्वासन घेऊन ते परतले. पण काही दिवसांतच वरून पुन्हा दडपण येऊ लागले. कोणाची तरी मर्जी राखून गुळमुळीत चित्रे काढावयाची, की कुंचला खाली ठेवावयाचा? लक्ष्मण यांनी रजा घेतली आणि ते कुटुंबासह मॉरिशस बेटावर निघून गेले. जे गृहस्थ एका दिवसाची चौकट चुकू नये म्हणून दुपारभर तळमळत, त्यांनी ती चौकट अशी सोडून जावे यावरून त्यांचे मन किती व्यथित झाले असेल ते समजते. १९७७ च्या मार्च महिन्यात आणीबाणी उठली. लोकांनी मतदान केले होते, सरकार बदलले होते. सामान्य माणूस पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहिला. आता त्याच्यासमोर नवे मंत्री होते आणि लक्ष्मण यांनी त्यांचीही गय केली नाही.

वर्तमानपत्राखेरीज त्यांनी पुष्कळ काम केले. १९५४ साली एका रंगाच्या कंपनीसाठी त्यांनी हातात रंगाचा डबा आणि कुंचला घेतलेला गट्टू नावाचा खोडकर मुलगा काढला. तो कित्येक वर्षे गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर झळकत होता. नारायण यांच्या मालगुडी या काल्पनिक गावाच्या कथा १९८६ साली दूरदर्शनवर आल्या तेव्हा त्यांच्या आरंभी लक्ष्मण यांची रेखाचित्रे दिसत. त्यांच्या पत्नी कमला मुलांसाठी गोष्टी लिहीत. थामा नावाच्या हत्तीच्या पिल्लाच्या त्या गोष्टींस लक्ष्मण यांनीच चित्रे काढली. त्यांनी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या आणि १९९८ साली आत्मचरित्रही प्रसिद्ध केले. मानसन्मानांस तोटा नव्हता. १९७३ साली पद्मभूषण, १९८४ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि २००५ साली पद्मविभूषण ही त्यांतील काही नावे. पण चित्रकारापेक्षाही चित्रातील म्हाताऱ्याचे झालेले सन्मान अधिक मौजेचे आहेत. १९८८ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’स दीडशे वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर तो विराजमान झाला. २००१ साली पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या आवारात त्याचा पुतळा उभारण्यात आला. मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारीही तो उभा आहे. राजे, सेनापती आणि पुढारी यांचे पुतळे सर्वत्र असतात. ज्याने कधी भाषण केले नाही, लढाई जिंकली नाही की निवडणूक लढविली नाही अशाचा पुतळा मात्र विरळाच.

२००३ साली लक्ष्मण यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात शाबूत होता. ते पुन्हा चित्रे काढू लागले. पुढे त्यांचा मुक्काम पुण्यास होता. २०१० साली प्रकृती आणखी ढासळली आणि बोलणेही कठीण झाले. चित्रातील म्हाताऱ्यास आयुष्यभर न बोलता जे साधले तेच आता त्याच्या निर्मात्याच्या वाट्यास आले. तरीही कागद पुढे ठेवला आणि हाती लेखणी दिली, की थरथरत्या रेषांतून तो ओळखीचा चष्मा आणि त्या मिशा उमटत.

२६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताक दिनी, पुणे येथील रुग्णालयात लक्ष्मण यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ९३ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह अंत्यदर्शनासाठी सिंबायोसिसच्या आवारात, सामान्य माणसाच्या पुतळ्याजवळ ठेवण्यात आला. मंत्री आले, अधिकारी आले, चित्रकार आले आणि ज्यांनी सकाळी सकाळी ती चौकट पाहिल्यावाचून दिवस सुरू केला नव्हता असे असंख्य अनोळखी लोकही आले. त्यानंतर शासकीय इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गर्दी हळूहळू पांगली. पुतळा तेथेच होता, धोतर नेसलेला, चौकड्यांचा कोट घातलेला, नेहमीप्रमाणे काही न बोलता समोर पाहत.